लय वाढवा, स्वर चढू देऊ नका

१९१२ साली मुंबईत दादासाहेब फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा उभा केला. महिन्याहून अधिक काळ ते त्या रोपाचं रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. सगळे तुकडे सलग चालवल्यावर पडद्यावर बी फुटलं, कोंब वर आला, पानं उलगडली आणि वेल पसरला. डोळ्यांदेखत कधीच न दिसणारी ही वाढ बघता बघता पुरी झाली. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाणारी ती छोटी फिल्म भांडवलदारांना दाखवण्यासाठी होती. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले आणि पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. म्हणजे या चित्रपटाला कर्ज मिळालं ते काळाचा वेग बदलून दाखवल्यामुळे.

आज हाच प्रयोग मोबाइलमधल्या 'टाइमलॅप्स'च्या बटणावर होतो. स्नेहसंमेलनाच्या नाचाचं गाणं सव्वाचार मिनिटांवरून साडेतीनवर आणणं, लग्नाच्या व्हिडिओत अक्षता संथ पाडणं, व्याख्यान दीडपट वेगाने ऐकणं या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. एक पट्टी डावीकडे-उजवीकडे सरकवली की झालं. ती सरकवताना आत नेमकं काय घडतं, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं. वेग कमी केला तर मधली जागा भरायला कुठून तरी काहीतरी आणावं लागतं, वाढवला तर काहीतरी टाकून द्यावं लागतं. काय आणलं आणि काय टाकलं, यावर सगळं अवलंबून आहे.

चित्राच्या बाबतीत फाळक्यांचं काम त्या मानाने सरळ होतं. चित्राला स्वराची पट्टी नसते. आवाजाला असते. ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत गाण्याचा वेग आणि त्याचा स्वर एकमेकांना घट्ट बांधलेले होते. तबकडी जोरात फिरली की सुई खाचेतल्या लाटांवरून जोरात जाणार, दर सेकंदाला जास्त कंपनं उमटणार आणि गाणं जलद होताना स्वरही चढणार. ३३⅓ फेऱ्यांची लाँगप्ले तबकडी चुकून ४५ वर लावली, की गायकाचा आवाज पाच पट्ट्यांहून जास्त वर जायचा आणि घरातली पोरं हसायची. १९५८ साली अमेरिकेत याच गमतीवर 'चिपमंक्स' जन्माला आल्या. टेप निम्म्या वेगाने फिरवून सावकाश गायचं आणि नेहमीच्या वेगाने वाजवायचं, की खारींचा आवाज तयार.

गंमत बाजूला ठेवली तर या बंधनाने संगीताच्या इतिहासात बरेच घोटाळे करून ठेवले आहेत. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं, त्या काळात तबकडीच्या फेऱ्यांचं प्रमाण पक्कं नव्हतं. ७८ हा आकडा नंतर स्थिरावला. त्याआधीच्या तबकड्या कमीजास्त वेगाने कोरल्या गेल्या. आज त्या सरसकट ७८ वर फिरवल्या तर गायिकेचा षड्ज तिने लावला होता तिथेच लागेल, याची खात्री नाही. षड्ज सरकला की तानेचा वेग, आवाजाचा पोत, इतकंच काय गाणाऱ्याच्या वयाचा अंदाजही सरकतो. जुन्या तबकड्यांचं डिजिटल रूपांतर करणाऱ्यासाठी म्हणून वेग ठरवणं हे पहिलं आणि सर्वांत जबाबदारीचं काम असतं. खरखर काढणं त्याच्या पुष्कळ नंतर येतं.

हा घोटाळा फक्त जुन्या काळात होता असंही नाही. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा १९५९चा जॅझ संच जगभर नावाजला गेला. त्याच्या एका सत्रात मुख्य टेपयंत्र किंचित मंद चालत होतं. ती टेप पुढे योग्य वेगाने वाजवली गेल्यावर पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना सुमारे पाव स्वर वर गेल्या. पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी त्या तबकडीबरोबर आपली वाद्यं जुळवायचा प्रयत्न केला आणि ती नीट जुळली नाहीत. चूक दुरुस्त झाली १९९०च्या दशकात.

त्याच बंधनाचा कुणी कलेसाठी वापरही करून घेतला. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'ची १९६६ साली दोन वेगवेगळी ध्वनिमुद्रणं झाली होती. एक संथ आणि खालच्या पट्टीतलं, दुसरं जलद आणि वरच्या पट्टीतलं. जॉन लेननना एकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा उत्तरार्ध हवा होता. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनितंत्रज्ञ जेफ एमरिक यांनी टेपचा वेग एका बाजूला वाढवला, दुसऱ्या बाजूला कमी केला. लय जुळली तिथेच पट्टीही जुळली. गाणं सुरू झाल्यावर साधारण मिनिटभराने हा सांधा येतो.

मराठी घरांनाही या बंधनाचा अनुभव आला, पण तो कुणाच्या फारसा ध्यानात आला नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. भारताने दूरदर्शनसाठी घेतलेली पाल पद्धत २५ चित्रांची. ही पद्धत असलेल्या देशांत चित्रपट टीव्हीवर दाखवण्याचा रूढ मार्ग म्हणजे तो सरळ २५ने पळवणं. वेग चार टक्क्यांनी वाढतो, दोन तासांचा चित्रपट जवळजवळ पाच मिनिटं आधी संपतो आणि गाण्याची पट्टी अर्ध्या स्वराहून थोडी कमी चढते. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या अलीकडे कुठेतरी येऊन थांबतं, जिथे पेटीला पट्टीच नाही. अशा प्रक्षेपणाबरोबर पेटी धरायला बसलेल्याला दोष स्वतःच्या कानांना द्यावासा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

वेग आणि स्वर यांची ही गाठ सुटली ती टप्प्याटप्प्याने. पुढे होलोग्राफीसाठी नोबेल मिळवणारे डेनिस गाबोर यांनी १९४०च्या दशकात आवाज म्हणजे अगदी लहान ध्वनिकणांची रास आहे अशी मांडणी केली. कण सुटे आहेत असं मानलं, की ते पुन्हा वेगळ्या अंतरावर मांडता येतात. कणातली कंपनं तीच राहतात, फक्त दोन कणांमधलं अंतर बदलतं. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या ग्रँट फेअरबँक्स यांनी फिरत्या हेडचं टेपयंत्र वापरून बोलण्याचे बारीक तुकडे गाळून भाषण आखूड करून दाखवलं. शब्द कळत होते आणि आवाजही चिरका होत नव्हता. १९६६ साली बेल लॅब्सच्या फ्लानागन आणि गोल्डन यांनी वेगळा मार्ग मांडला. आवाज आधी त्याच्या घटक कंपनांमध्ये सोडवायचा आणि मग हव्या त्या लांबीवर पुन्हा विणायचा. त्याचं नाव फेज व्होकोडर. आजच्या जवळपास सगळ्या सॉफ्टवेअरच्या पोटात यांपैकी एक रीत असते, नाहीतर दोन्हींचं मिश्रण.

धंद्याच्या दृष्टीने ही गाठ सोडणं किती फायद्याचं होतं, ते एका उदाहरणावरून कळतं. १९७५ च्या सुमारास 'इव्हेंटाइड' कंपनीचं एच-९१० हे यंत्र आलं. न्यूयॉर्कच्या एका वाहिनीने ते 'आय लव्ह लूसी' या लोकप्रिय मालिकेच्या पुनःप्रक्षेपणासाठी घेतलं. भाग थोडे जलद चालवायचे आणि चढलेला आवाज या यंत्राने पुन्हा खाली आणायचा. वाचलेल्या वेळात जाहिराती बसायच्या. प्रेक्षकाला काही कळायचं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं आलं तेव्हा एकाच्या तीन वेगळ्या आज्ञा झाल्या. गोंधळ होतो तो इथेच. 'ऑडॅसिटी' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या शेजारी शेजारी दिसतात. 'स्पीड' बदलला तर जुन्या तबकडीसारखं होतं, वेग आणि स्वर दोन्ही हलतात. 'टेम्पो' बदलला तर फक्त लय हलते. 'पिच' बदलला तर लय तशीच राहते आणि पट्टी हलते. स्नेहसंमेलनाचं कोळीगीत दहा टक्क्यांनी जलद हवं असताना कुणी 'स्पीड' निवडला, तर काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये जाऊन बसतं आणि गायिकेचा आवाज वयाने लहान वाटू लागतो. कराओकेवाल्याची गरज याच्या नेमकी उलटी. लय तीच राहावी, पण ट्रॅक दोन पट्ट्या खाली यावा. त्याच्यासाठी 'पिच'. एवढा फरक नीट समजला तरी निम्मे बिघाड टळतात.

उरलेले निम्मे तबल्यापाशी होतात, आणि तिथे थोडं थांबायला हवं. फेज व्होकोडर आवाजाचं विश्लेषण खिडक्या पाडून करतो. एका खिडकीत बहुधा २,०४८ नमुने धरतात. सीडीच्या दर्जात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, म्हणजे एक खिडकी सुमारे ४६ मिलिसेकंदांची. चाटेवरच्या 'ना'चा आघात मात्र काही मिलिसेकंदांतच होऊन जातो. खिडकीच्या आत तो नेमका कुठे पडला याचा ठावठिकाणा ताणताना हरवतो आणि आघात संपूर्ण खिडकीभर पसरतो. कानाला ऐकू येतं ते असं, की बोट पडण्याच्या अगोदरच बोलाची पुसट चाहूल लागते आणि खणखणीत 'ना' ओल्या पुडीवर वाजल्यासारखा मऊ होतो. ध्वनिकणांच्या रीतीची चूक याहून वेगळी. तिथे लांबी भरून काढण्यासाठी कण पुन्हा वापरले जातात. आघात असलेला कण दोनदा आला तर एकाच बोलाचे दोन ठोके पडतात. 'तिरकिट'सारख्या सलग बोलांत हे दुहेरी ठोके एकमेकांवर चढतात आणि वादक कच्चा वाटू लागतो. यात त्याचा काहीच दोष नसतो.

यावर उपाय सापडला आहे आणि तो सुरेख आहे. नवी सॉफ्टवेअर आधी आघात हुडकतात, ते अजिबात ताणत नाहीत, आणि आघातानंतर जी आस उरते फक्त तिलाच लांबवतात. 'एबलटन लाइव्ह'मध्ये यासाठी वेगवेगळे पर्याय दिले आहेत. तालवाद्यासाठी एक, एकट्या गळ्यासाठी किंवा बासरीसाठी दुसरा, सगळा वाद्यमेळ एकत्र असेल तर तिसरा. वापरणारा बहुतेकदा पहिला दिसेल तो पर्याय तसाच ठेवतो. गळ्याचा पर्याय लावून ढोलकी ताणली जाते आणि मग दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

यापेक्षा खोल अडचण सॉफ्टवेअरच्या गृहीतकात आहे. मिनिटाला अमुक ठोके, असा एकच आकडा ते गाण्याला चिकटवतं. आपल्या संगीतात लय अशी एका आकड्यात बसत नाही. अतिविलंबित एकतालाच्या बारा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभर चालू शकतं आणि बडा ख्याल पुढे जाताना लय कळत-नकळत वाढत जाते. ती वाढ गवई आणि तबलजी यांनी मिळून ठरवलेली असते, अनेकदा केवळ नजरेने. अशा मैफलीच्या ध्वनिमुद्रणावर यंत्राची चौकट बसवून प्रत्येक मात्रा समान केली, तर मात्रा मोजण्याला सोपी होईल, पण समेवर येतानाची ओढ नाहीशी होईल. लावणीच्या ढोलकीचंही तसंच. मिक्स करणाऱ्यांनी ही चौकट सरसकट लावू नये, कारण पुसलेली ओढ परत आणणारी आज्ञा कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही.

विद्यार्थ्यांच्या हातात मात्र हेच साधन वरदान ठरलं आहे. पूर्वी जॅझ शिकणारे ३३⅓ची तबकडी १६⅔ वर लावायचे. वेग निम्मा आणि स्वर बरोबर एक सप्तक खाली, म्हणजे निदान पट्टी तरी तीच. आज 'अमेझिंग स्लो डाउनर' किंवा 'ट्रान्स्क्राइब' यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये किशोरी आमोणकरांची एखादी तान निम्म्या वेगाने, मूळ षड्ज न हलवता ऐकता येते. कुठे कणस्वर लागला, कुठल्या स्वरावर किंचित टेकून गळा पुढे गेला, हे उलगडत जातं. रियाजासाठी 'आयतबला प्रो'सारख्या ॲपमध्ये ठेक्याची लय आणि तानपुऱ्याची पट्टी दोन स्वतंत्र चाव्यांवर असतात. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. निम्म्या वेगात ऐकलेली मींड ताणलेली असते. तिचा आकार खरा, पण तिची गती गवयाने घेतलेली नसते. म्हणून उतरवून घेतलेली जागा शेवटी मूळ वेगाशी ताडून पाहावी लागते.

चित्राकडे वळलं की मधलं भरण्याचा प्रश्न डोळ्यांना दिसतो. संथ गतीची खरी रीत जुनीच आहे. ऑस्ट्रियाचे धर्मगुरू ऑगस्ट मुस्गर यांनी १९०४ साली तिचं पेटंट घेतलं. चित्रण जास्त वेगाने करायचं आणि प्रक्षेपण नेहमीच्या वेगाने. सेकंदाला १२० चित्रं टिपून २४ने दाखवली, की गती पाचपट संथ होते आणि प्रत्येक चित्र खरं असतं. उलट कॅमेरा कमी वेगाने चालवला की हाणामारी आणि पळापळ चपळ दिसते. जुन्या सिनेमांनी हे सर्रास केलं.

अडचण येते ती नेहमीच्या २५ चित्रांनी टिपलेला तुकडा नंतर संथ करायचा झाला की. संकलन सॉफ्टवेअर तीन वाटा देतं. पहिली, प्रत्येक चित्र दोनदा दाखवायचं. हालचाल अडखळते. दुसरी, शेजारची दोन चित्रं एकमेकांत मिसळायची. हलत्या हातामागे भुतासारखी सावली दिसते. तिसरी वाट 'ऑप्टिकल फ्लो'ची. पहिल्या चित्रातला प्रत्येक ठिपका दुसऱ्या चित्रात कुठे गेला याचा अंदाज बांधायचा आणि मधलं चित्र नव्याने रंगवायचं. सावकाश वळणाऱ्या चेहऱ्यावर ही वाट थक्क करणारं काम करते.

अक्षतांवर मात्र ती हरते. हातभर अंतरही न पडलेला तांदळाचा दाणा सेकंदाला दोन मीटरच्या वेगाने खाली येत असतो. २५ चित्रांच्या हिशेबात तो एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत आठ सेंटिमीटर खाली सरकतो. दाणा स्वतः सात मिलिमीटरचा. म्हणजे दोन चित्रांत त्याने स्वतःच्या लांबीच्या दहापटीहून जास्त अंतर कापलेलं असतं आणि आजूबाजूला त्याच्यासारखेच शेकडो दाणे असतात. कुठला दाणा कुठे गेला, हे सॉफ्टवेअरला ओळखताच येत नाही. काही दाणे हवेत विरतात, काही दोरीसारखे लांबतात, मुंडावळ्यांच्या लडी लाटेसारख्या थरथरतात. मंगलाष्टकं संपल्यावरचा तो क्षण पुन्हा येत नाही. म्हणून जाणते छायाचित्रकार कॅमेरा आधीच १००-१२० चित्रांवर नेऊन ठेवतात. ही गोष्ट संकलनाच्या टेबलावर ठरत नाही, मांडवात ठरते.

मधली चित्रं बनवण्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत चर्चा झालेला प्रयोग म्हणजे पीटर जॅक्सन यांचा २०१८चा 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड'. पहिल्या महायुद्धाची इम्पीरियल वॉर म्युझियममधली चित्रणं हाताने कॅमेरा फिरवून केलेली, सेकंदाला दहापासून अठरापर्यंत कितीही चित्रांची. ती २४ने चालवली की सैनिक टुणटुण उड्या मारत चालल्यासारखे दिसत आणि प्रेक्षक हसत. जॅक्सन यांच्या चमूने प्रत्येक तुकड्याचा मूळ वेग हुडकला आणि कमी पडणारी चित्रं संगणकाकडून तयार करून घेतली. त्यामुळे खंदकातली माणसं माणसांसारखी चालू लागली. वर चढवलेल्या रंगांबद्दल इतिहासकारांचे आक्षेप आहेत आणि त्यांत तथ्य आहे. पण वेग दुरुस्त करणं हा मृतांचा सन्मान होता. मूकपटांतली माणसं धावती आणि हास्यास्पद होती, ही आपली समजूत मुळात चुकीच्या वेगाने फिरलेल्या प्रक्षेपकाने घडवलेली आहे.

वेग बदलणं हीच जिथे कला झाली, अशीही परंपरा आहे. १९९०च्या दशकात ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूने रॅप गाणी मुद्दाम संथ आणि खोल आवाजाची केली. नॉर्वेतून निघालेल्या 'नाइटकोर'ने गाणी पळवून चढवली. आज समाजमाध्यमांवर हिंदी-मराठी गाण्यांच्या 'स्लोड आणि रिव्हर्ब' आवृत्त्या रात्री उशिरा ऐकल्या जातात त्या या वाटेने आलेल्या. रेकॉर्ड कंपन्याही आता अशा आवृत्त्या अधिकृतपणे काढतात. या साऱ्यात संगीतकार आणि गायक कुठे आहेत? भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ रचनाकाराला आपल्या कृतीच्या अप्रतिष्ठाकारक विद्रूपीकरणाविरुद्ध उभं राहण्याचा हक्क देतं. २०१२च्या दुरुस्तीने कलम ३८ब आणून सादरकर्त्यालाही तो दिला. कागदावर हक्क भक्कम आहे. पण संथ केलेलं गाणं ही नवी निर्मिती की विद्रूपीकरण, हे प्रत्येक वेळी कान लावूनच ठरवावं लागेल.

ऐकणाऱ्याने स्वतःसाठी वेग बदलणं हा आणखी वेगळा प्रश्न. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये ध्वनिसंदेश दीडपट आणि दुप्पट वेगाने ऐकायची सोय दिली. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने चित्रपटांसाठी अशी सोय चाचणीला घेतली तेव्हा जड ॲपाटो यांच्यासह काही दिग्दर्शकांनी कडाडून विरोध केला. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. विराम हाही अभिनयच. तरी या सोयीकडे दृष्टिहीन वाचकांच्या बाजूने पाहिलं तर चित्र बदलतं. पडदा वाचून दाखवणारं 'एनव्हीडीए' हे मोफत सॉफ्टवेअर वापरणारे सरावाने इतक्या वेगाने ऐकतात की शेजारच्याला शब्द सुटासुटा लागत नाही. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो, तसं हे कानाने फिरणं आहे.

आणि मग येते साक्ष. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांच्या भाषणाची एक चित्रफीत पसरली. वेग मूळच्या सुमारे ७५ टक्क्यांवर आणलेला आणि उतरलेला स्वर पुन्हा वर केलेला. त्यामुळे त्या अडखळत, नशेत बोलत असल्यासारख्या वाटल्या. शब्द सगळे त्यांचेच होते. 'लय बदला, स्वर राखा' ही नाच बसवणाऱ्याच्या कामाची आज्ञा इथे बदनामीसाठी वापरली गेली, आणि लाखो लोकांनी ती फीत पाहिली.

खोटेपणाचा हेतू नसतानाही संथ चित्र दिशाभूल करतं. २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात लोकांना हिंसक घटनेचं चित्रण नेहमीच्या आणि संथ वेगाने दाखवलं. संथ पाहणाऱ्यांना ते कृत्य अधिक हेतुपुरस्सर वाटलं, जणू करणाऱ्याला विचार करायला सवड होती. दोन्ही वेगांनी दाखवल्यावर हा परिणाम कमी झाला, पण गेला नाही. फुटबॉलमधल्या व्हिडिओ पंचांसाठीच्या नियमावलीत याची दखल आहे. स्पर्श कुठे झाला, चेंडू रेषेबाहेर गेला का, अशा वस्तुस्थितीसाठी संथ चित्रण वापरायचं. आघात किती जोराचा होता हे ठरवताना मात्र नेहमीचाच वेग. सीसीटीव्हीचं चित्रण वाहिन्यांवर गोल आखून, संथ करून, पार्श्वसंगीत लावून दाखवलं जातं तेव्हा हा साधा नियम कुणी पाळत नाही. तो पाळायला हवा, आणि पडद्याच्या कोपऱ्यात वेग लिहायला हवा.

लिहिण्यासारखा आकडा हाताशी असतोही. संकलन चालू असताना टाइमलाइनवर त्या तुकड्याच्या नावापुढे ७५% किंवा ११०% असं दिसत असतं. अंतिम फाइल बाहेर काढली की चित्र आणि आवाज उरतात, आकडा मागे प्रोजेक्टमध्येच राहतो. फाइलबरोबर संपादनाचा इतिहास जोडून देणारी सी-टू-पी-ए ही मानकपद्धत २०२१ पासून आकार घेते आहे, पण ती गल्लीतल्या स्टुडिओपर्यंत पोचायला वेळ लागेल. तोपर्यंत साधी वही पुरते. तबकडीचं रूपांतर करणाऱ्याने किती फेऱ्यांवर वाजवली ते लिहावं. नाच बसवणाऱ्याला गाणं देताना फाइलच्या नावातच 'कोळीगीत, लय ११०%, पट्टी काळी एक' असं घालावं, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी तेच गाणं आणखी दहा टक्क्यांनी पळवायला घेईल तेव्हा त्याला मूळ कुठे होतं ते कळेल.